फाटलेले साल आणि वाढलेली ओळ : एका दफ्तरशोधाचे प्रकरण

पार्श्वभूमी

ही हकिकत एका इतिहास-संशोधिकेची आहे. ती महाविद्यालयात शिकवते आणि सुट्ट्यांमध्ये दफ्तरे चाळते. तिच्या संमतीनेच हे लिहिले आहे. गाव, घराणे आणि दफ्तरखाना ओळखू येईल असे तपशील काढले किंवा बदलले आहेत. कागदातली तारीखवार मात्र तशीच ठेवली आहे, कारण सगळे प्रकरण तिच्याभोवतीच फिरते.

तिचा विषय खानदेश-बागलाणातली फड पद्धत. पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर बंधारा घालायचा, पाटाने पाणी शिवारात आणायचे, भिजणाऱ्या रानाचे फड पाडायचे आणि एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचे, अशी ही व्यवस्था. पाणी सोडणारा पाटकरी गावाने नेमलेला, आणि पाळी कोणाची, किती वेळ, हे ठरलेले. गावात विचारले तर उत्तर येते, "आमच्या पणजोबांच्याही आधीपासून." 1880 च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या बंधाऱ्यांचे वर्णन सापडते. पण पाळीचे नियम पेशवाईत कोणी, कोणत्या अधिकाराने ठरवले, तंटा झाला तर कोणी तोडला, हे मुळातल्या कागदांशिवाय कळायला मार्ग नाही.

असे कागद एका ठिकाणी नसतात. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तर आहे. रोजकीर्द, घडणी, प्रांत अजमास, जमाव अशी त्याची वर्गवारी आहे, आणि गोविंद सखाराम सरदेसाईंनी 1930 च्या दशकात निवडून छापलेले 45 खंड हा त्यातला लहानसा वाटा. 1818 नंतर खानदेश कंपनी सरकारकडे गेला तेव्हा कॅप्टन जॉन ब्रिग्ज तिथे पोलिटिकल एजंट होता. त्या काळापासूनचा इंग्रजी पत्रव्यवहार पुणे आणि मुंबईच्या दप्तरांत. जिल्ह्याच्या रेकॉर्ड रूममध्ये पाहणी आणि जमाबंदीचे कागद. उरलेले लोकांच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. त्यामुळे अशा विषयाच्या अभ्यासकाचे निम्मे काम वेळापत्रकाचे असते. कुठे कधी जायचे, कोणते पत्र सोबत न्यायचे, कुठला वाचनकक्ष कोणत्या शनिवारी बंद असतो हे सगळे आधी पाहावे लागते.

उन्हाळी सुट्टीत तिने एका दफ्तरखान्यात मुक्काम टाकला. दिवसाचा क्रम ठरलेला. सकाळी नोंदवहीत सही, मागणीपत्र भरणे, शिपाई रुमाल आणून देईपर्यंत वाट पाहणे. रुमाल म्हणजे कापडात बांधलेला कागदांचा गठ्ठा. तो सोडला की पहिली अर्धी घटका धुळीची. पंखा चालू ठेवला तर सुटे कागद उडतात आणि बंद केला तर मे महिना. टिपणे पेन्सिलीनेच घ्यायची. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घही पाळत नाहीत, त्यामुळे एका पानावर तासभर गेला तरी आश्चर्य नाही. संध्याकाळी लॉजवर दिवसभराच्या टिपणांचे देवनागरी लिप्यंतर. या कामात रोमांच आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा सलग तीन रुमाल नुसत्या घोड्यांच्या चंदीच्या हिशेबाचे वाचून पाहावेत.

मुक्काम संपत आला असताना तिला एका महजराची, म्हणजे पंचसभेच्या निवाडापत्राची, नक्कल सापडली. दोन गावांमधला पाण्याचा तंटा, गोतसभेपुढे, म्हणजे त्या पंचांपुढे, झालेली साक्ष, आणि शेवटी पाळीचा निवाडा. तिला हवा होता नेमका तसाच कागद.

अडचण

कागदाला कसरीने खाल्ले होते. सालाच्या जागी फक्त "... सबैन मया व अलफ" एवढेच उरले होते. पेशवाईतले कागद शुहूर सनात असतात आणि सन अरबी संख्यावाचकांनी लिहितात. अलफ म्हणजे हजार, मया म्हणजे शंभर, सबैन म्हणजे सत्तर. त्याच्या आधीचा एकं स्थानचा शब्द कसरीच्या पोटात. म्हणजे सन 1171 ते 1179 यांपैकी कोणताही. शुहूर सन मृगाला, जूनच्या सुरुवातीला बदलतो. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन येतो. हिशेब केला तर जून 1770 ते जून 1779 असा नऊ वर्षांचा पट्टा.

हा पट्टा साधासुधा नाही. त्यात थोरल्या माधवरावांचा मृत्यू आहे, नारायणरावांचा खून आहे, बारभाईंचा कारभार आहे, इंग्रजांशी पहिले युद्ध आहे. पाण्याचा निवाडा कोणाच्या अमलात झाला यावर तिच्या लेखाचा निष्कर्ष अवलंबून होता. व्यवस्था घट्ट असताना सरकारने लक्ष घालून नियम बांधले, की वरची सत्ता डळमळीत असताना गावांनी आपसांत मिटवले? दोन्ही शक्यता आकर्षक, आणि म्हणूनच घाईत एक निवडण्याचा मोह मोठा.

शेजारच्या टेबलावरच्या एका जाणत्या मोडी वाचकाने उरलेल्या फराट्यावरून "तिसा असावे" असे सांगितले. तिसा म्हणजे नऊ, म्हणजे 1778-79. तिने वहीत तसे टिपले आणि पुढे प्रश्नचिन्ह घातले.

समोर काय पर्याय होते

दुसऱ्या दिवशी दुपारी मुंबईची गाडी होती, तिकीट काढलेले होते आणि तिथल्या दप्तरात कामाचे दिवस ठरलेले होते.

मुक्काम वाढवायचा आणि त्या रुमालातले आजूबाजूचे कागद वाचून काढायचे, हा एक पर्याय. महजर क्वचितच एकटा असतो. त्याच्या आगेमागे अर्ज, कमाविसदाराचे (महसुली अंमलदाराचे) पत्र, हरकीचा (जिंकणाऱ्याने सरकारात भरायच्या रकमेचा) हिशेब असे काही ना काही असते, आणि एखाद्यावर सन धडधडीत लिहिलेला सापडू शकतो. पण मुंबईचे दिवस बुडाले असते, आणि महाविद्यालय उघडले की पुन्हा रजा मिळायची मारामार.

दुसरा पर्याय मोडी वाचकाला पैसे देऊन तो रुमाल वाचून घेण्याचा. एरवी हे सोपे आहे. पण 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे मोडी जाणणाऱ्यांना जिकडेतिकडे बोलावणी होती. चांगला वाचक मोकळा मिळेना, आणि जो मिळाला तो पाण्याच्या तंट्याची परिभाषा जाणणारा नव्हता.

तिसरा पर्याय म्हणजे छायाप्रतीची रीतसर मागणी करून पुढे निघायचे. प्रत पोस्टाने येईल, घरी बसून भिंगाखाली वाचू.

तिने तिसरा निवडला. मला हा निर्णय चुकीचा वाटत नाही. ज्याच्या हातात सुट्टीचे मोजके आठवडे आहेत त्याने ठरलेला प्रवास एका कागदासाठी मोडायचा, तर कोणताच प्रवास पुरा होणार नाही. खरी निसटती गोष्ट वेगळी होती. त्या संध्याकाळी तिने मजकूर सगळा उतरवला, पण तारखेच्या ओळीतला फक्त सन टिपला. सनापुढे महिन्याची तारीखही असते, "छ" या अक्षराने सुरू होणारी, मुसलमानी महिन्याची. छ म्हणजे चंद्र. ती ओळ छायाप्रतीत येणारच, म्हणून वहीत घेतली नाही.

प्रत आली त्यानंतर

प्रत आली ती तळाशी कापलेली. कागद लांब आणि यंत्राची चौकट आखूड, त्यामुळे शेवटच्या दोन ओळी चौकटीबाहेर राहिल्या होत्या. त्यातच तारीख. दिवाळीच्या सुट्टीत ती पुन्हा त्या दफ्तरखान्यात गेली तर तो रुमाल जतनाच्या कामासाठी काढलेला. परत कधी मिळेल याला नक्की उत्तर नाही. कोणाशी वाद घालण्यासारखेही काही नव्हते, कारण कसर लागलेल्या कागदाला उपचार हवाच होता.

इथे पुन्हा निर्णयाची वेळ आली. लेख एका परिसंवादासाठी मागितलेला होता. "1778-79 (?)" असे लिहून तो देता आला असता. बरेच जण देतात, आणि दुसऱ्याच्या लेखात गेल्यावर ते प्रश्नचिन्ह गळून पडते, मग साल पक्के होऊन बसते. दुसरी वाट म्हणजे मूळ शोधणे. दफ्तरात असते ती नक्कल. अस्सल महजर ज्याच्या बाजूने निवाडा झाला त्याच्याकडे जाई. मजकुरात जिंकलेल्या पाटलाचे नाव होते, आणि त्या आडनावाचे घर त्या गावात अजून होते.

तिने परिसंवादाला विषय बदलून कळवला आणि गावाची एसटी धरली.

गावातला कागद

घरातल्या वडीलधाऱ्यांना सगळे आप्पा म्हणत. त्यांनी तिला ओसरीवर बसवले, चहा झाला, ओळखीपाळखी निघाल्या. कागदाचा विषय त्यांनी स्वतः काढेपर्यंत तिने काढला नाही. ही पद्धत तिला तिच्या मार्गदर्शकांनी शिकवली होती, आणि खासगी कागदांच्या बाबतीत ती नव्वद टक्के काम करते. शेवटी आप्पांनी पेटी मागवली.

"वाचा ताई. आमच्यात आता कोणाला येत नाही. पण आमच्या बाजूनं आहे ना, तेवढं सांगा."

त्या प्रश्नामागे कारण होते. वरच्या अंगाच्या शेतकऱ्यांशी पाण्यावरून कुरबूर चालू होती, वकिलाचा सल्लाही घेऊन झाला होता.

कागद अस्सल होता. हातकागद, दोन तुकडे चिकटवून लांब केलेला, जोडावर पाठीमागून शिक्का. खाली साक्षीदारांची नावे आणि पाटलांच्या नावांपुढे नांगराची निशाणी. घडीवर चिरलेला असल्यामुळे सनाचे शब्द इथेही नाहीसे झाले होते, पण त्याच्या पुढचे शाबूत होते : "छ 6 साबान". आणि मजकुरात, दफ्तरातल्या नकलेप्रमाणेच, पंच "कार्तिकमासी" जमल्याचा उल्लेख आणि पूर्वीच्या एका हुकुमाबद्दल बोलताना "कैलासवासी रावसाहेब" हे शब्द.

अर्ध्या सनाची नक्कल आणि नुसत्या महिन्याचे अस्सल. दोन्ही एकत्र ठेवल्यावर गणित सुटले, आणि ते पाहण्यासारखे आहे. मुसलमानी महिना चंद्राचा आणि आपलाही चंद्राचा, त्यामुळे एका वर्षी साबान कार्तिकाशी जुळला की पुढचा अधिक महिना पडेपर्यंत तो कार्तिकाशीच जुळत राहतो. अधिक महिना आला की जोडी एका घराने सरकते. म्हणजे एक जोडी साधारण दोन-तीन वर्षे टिकते. जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखांचे कोष्टक, काढून पाहिले तर त्या नऊ वर्षांत साबान आणि कार्तिक एकत्र येतात ते 1771, 1772 आणि 1773 या तीन सालांतच. 1778 मध्ये येत नाहीत. तिसा तिथेच बाद.

उरलेल्या तिघांतून निवड "कैलासवासी" या शब्दाने केली. रावसाहेब म्हणजे थोरले माधवराव. ते थेऊरला वारले 18 नोव्हेंबर 1772 रोजी, कार्तिक वद्य अष्टमीला. त्या दिवशी साबानची 22 तारीख होती. म्हणजे 1772 मधल्या 6 साबानला ते हयात होते, आणि 1771 चा प्रश्नच नाही. राहिले 1773. शुहूर सन अर्बा सबैन मया व अलफ, 1174. नारायणरावांचा खून त्याच साली 30 ऑगस्टला झालेला. पुण्यात गादीचा घोळ चालू असताना, त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, खानदेशातल्या एका गावात पंच बसून पाण्याच्या पाळ्या ठरवत होते. 1778-79 धरून तिने मांडलेले सगळे यामुळे बदलले.

ही झाली आनंदाची बाजू. दुसरी बाजू त्याच कागदात होती. निवाडा संपल्यावर आणि "मोर्तब सुद" या शिक्क्याच्या वर एक ओळ होती, जी नकलेत नव्हती. रात्रीच्या पाण्याची जादा पाळी या घराण्याला कायम दिल्याचे त्यात म्हटले होते.

मजकूर संपला की लगेच मोर्तब उठवतात ते मागाहून काही घुसडता येऊ नये म्हणून. इथे ओळ त्या चिंचोळ्या जागेत दाटीने बसवलेली. मोडी लिहिणारा आधी कागदभर आडवी रेघ ओढतो आणि अक्षरे तिला लटकवतो. या ओळीला रेघ नव्हती, प्रत्येक अक्षर आपापली टोपी घालून आलेले. आणि बाकी मजकुरात बोरूचे जाड-बारीक फटकारे असताना या ओळीचे फटकारे एकसारखे बारीक, धातूच्या टाकाचे. टाक आपल्याकडे रुळला तो इंग्रजी अमलात. म्हणजे ओळ निदान काही दशकांनी नंतरची. एकोणिसाव्या शतकात जमिनीच्या चौकशा सुरू झाल्या आणि घरचे कागद सरकारात दाखवावे लागले, तेव्हा कोणीतरी ती घातली असावी, असा तिचा तर्क आहे. तर्कच, पुरावा नाही.

ओळीचे काय करायचे

माझ्या मते या प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण हाच. आप्पा समोर बसलेले, घरातले चार जण भोवती, आणि विचारलेला प्रश्न एकच : आमच्या बाजूने आहे ना?

निवाडा त्यांच्या बाजूने आहे एवढेच सांगून ओळीबद्दल गप्प राहता आले असते. ते खोटे झाले नसते. छायाचित्र काढून निघून जायचे आणि लेखात सत्य लिहायचे, हीही एक वाट. पण तो लेख त्यांच्या हाती पडला असता तेव्हा फसवल्याची भावना झाली असती, आणि पुढच्या अभ्यासकाला त्या गावात कोणी पेटी दाखवली नसती. किंवा सगळ्यांसमोर लगेच सगळे सांगून टाकायचे.

तिने त्या दिवशी निवाड्याचा अर्थ सांगितला आणि म्हणाली, "आप्पा, शेवटची एक ओळ मला नीट लावायची आहे. दोन दिवसांनी येते, मग सांगते." लॉजवर बसून नकलेशी ओळ न् ओळ ताडून पाहिली. दोन दिवसांनी गेली तेव्हा आप्पांशी एकट्याशी बोलली. कागद अस्सल आहे, निवाडा खरा आहे, पण रात्रीच्या पाळीची ओळ मागून घातलेली दिसते आणि न्यायालयात दाखवली तर उलट अंगाशी येऊ शकते, असे स्पष्ट सांगितले.

आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे आमच्या बापजाद्यांनी खोटं केलं म्हणता?"

"कोणी केलं ते कागद सांगत नाही, आप्पा. मागून केलं एवढं दिसतं."

चहा झाला नाही. छायाचित्रे काढायला दिली, पण पेटी लगेच आत गेली.

पुढे काय झाले

काही महिने त्या घरातून फोन उचलला गेला नाही. तिने संपूर्ण मजकुराचे देवनागरी लिप्यंतर आणि सोप्या मराठीतला अर्थ छापून आप्पांना पाठवला. वाढीव ओळ त्यात वेगळ्या चौकटीत, टीपेसह. लेखात घराण्याचे नाव न घेता "खासगी संग्रह" एवढेच लिहिले आणि तसे आधी कळवले. साल 1773 दिले, आणि ते कसे काढले ती सगळी पायरी-पायरी मांडणी तळटीपेत घातली, म्हणजे पुढच्याला तपासता यावी.

पावसाळ्यानंतर आप्पांच्या नातवाचा फोन आला. वकिलाने लिप्यंतर वाचून ती ओळ सोडून बाकी निवाडाच पुढे करा असे सांगितले होते. पेटीतले आणखी काही कागद स्कॅन करून हवेत का, असेही त्याने विचारले. आप्पा मात्र फोनवर आले नाहीत.

दफ्तरातला रुमालही जतन होऊन परत आला. पातळ जाळीच्या कापडात बसवलेल्या कागदावर तळाच्या ओळी वाचता आल्या. महिना साबानच, तारीख 6. एकं स्थानचा शब्द मात्र गेला तो गेलाच.

वेगळे काय करता आले असते

तारखेची ओळ जागेवरच, अक्षरशः, खाडाखोड आणि भोकांसकट उतरवली असती तर दिवाळीची फेरी वाचली असती. आता ती कुठल्याही कागदाचे पहिले टिपण तारखेचेच घेते, मग रुमालाचा क्रमांक, मग मजकूर. रुमालातल्या आगच्या आणि मागच्या कागदाचा विषयही एका ओळीत लिहून ठेवते. पण ती फेरी वाचली असती तर ती गावात गेली असती का, हा प्रश्न राहतोच. पूर्ण तारीख हाती असती तर अस्सल शोधायची निकड उरली नसती, आणि वाढीव ओळ पेटीतच राहिली असती.

मोडी वाचकाच्या "तिसा असावे" या मताबद्दलही ती सावध झाली आहे. तो वाचक वाईट नव्हता. फराट्याच्या अवशेषावरून अंदाज बांधणे त्यालाही भाग पडले, आणि त्याने "असावे" म्हटले होते. वहीत तो शब्द उतरला नाही, फक्त प्रश्नचिन्ह उतरले. आता ती कोणाचे वाचन घेतले, त्याने ते किती खात्रीने सांगितले, हेही लिहून ठेवते.

एका मुद्द्यावर आमचे अजून एकमत नाही. तिचे म्हणणे, ओळीबद्दलचा संशय पहिल्याच दिवशी बोलायला हवा होता. दोन दिवस थांबल्यामुळे आप्पांनी तो कागद दोघाचौघांना मोठ्या अभिमानाने दाखवला, आणि मग मान खाली घालायची वेळ आली. मला वाटते, नकलेशी ताडल्याशिवाय घरभर माणसांसमोर असे बोलणे अधिक वाईट झाले असते, कारण संशय चुकीचा निघाला असता तर तो परत घेता आला नसता. ती म्हणते, एकांतात तेवढे "शंका आहे, अजून कोणाला दाखवू नका" म्हणता आले असते. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. पुढच्या सुट्टीत ती नातवाकडचे कागद पाहायला त्याच गावी जाणार आहे.